हमीदभाऊंचा प्रोफेसर

आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरसुद्धा बुशशर्टावरच पेशंट तपासत. पांढरा कोट घालत ते फक्त हमीदभाऊ. तोही गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून. आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात तीन खोल्यांचं ते केंद्र होतं. मी तिथे नर्स होते आणि हमीदभाऊ लॅब टेक्निशियन. मे महिन्यात पत्रे तापून खोलीत उभं राहवत नसे. तेव्हा एकदा मी म्हटलं, "हमीदभाऊ, वरचं एक बटण तरी काढा. घामानं भिजलात पार."

"प्रोफेसर कधी बटन उघडं ठेवत नाई, सिस्टर," ते म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले.

हा प्रोफेसर कोण हे मला तोवर कळलं होतं. तिथे बदलून आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या आठवड्यातच कळे. बल्लारपूरला हमीदभाऊ लहानाचे मोठे झाले. वडील कागद कारखान्यात होते, घर टॉकीजच्या मागच्या गल्लीत. सकाळच्या खेळाला तिथे जुने, कोणी न पाहणारे सिनेमे लागत. त्यातला एक म्हणजे 'प्रोफेसर का तहखाना'. काळा-पांढरा, हिंदी, आणि हमीदभाऊंच्याच शब्दांत "एकदम कडकीत बनवलेला". एका पडक्या हवेलीखालच्या तळघरात एक प्रोफेसर राहतो. गावातल्या तापकऱ्यांना औषध देतो आणि बदल्यात प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतो. ते थेंब तो काचेच्या एका मोठ्या टाकीत सोडतो आणि त्या टाकीत एक माणूस तयार होत जातो. आधी हात, मग खांदा, मग डोकं. शेवटी तो माणूस उठून बाहेर येतो, आणि ज्यांच्या रक्तातून तो बनला ते गावकरी आपापल्या घरात एकेक करून कोसळतात.

हा सिनेमा हमीदभाऊंनी सातवी ते दहावी या काळात इतक्या वेळा पाहिला होता की त्यातल्या सगळ्या चुका त्यांना पाठ होत्या. तळघराचं दार आपटलं की दगडी भिंत हलते. प्रोफेसरची दाढी एका बाजूने सुटते आणि पुढच्याच दृश्यात पुन्हा चिकटलेली असते. टाकीतल्या भुताच्या अंगातलं बनियन मानेपाशी दिसतं. हे सगळं ते फार प्रेमाने सांगत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोडी सांगाव्यात तसं. आणि शेवटी म्हणत, "पन त्या पिक्चरमंदी काम करनारा मानूस एकच हाय, सिस्टर. बाकी सगळे गाने म्हनते, पळते, बेहोश होते. प्रोफेसर तेवढा सुरू ते खतम काम करते. मी पयल्यांदा मायक्रोस्कोप पाह्यला तो त्याच्याच टेबलावर. तवाच ठरवलं का आपल्याले हेच करायचं."

"पण तो खुनी होता ना?"

"खुनी होता. मी कुठी नाई म्हनतो? पन त्याले कोनी असिस्टंटच नव्हता. एकटा मानूस किती पाहीन?"

काम मात्र ते प्रोफेसरसारखंच करत, सुरू ते खतम. आमच्या भागात मलेरिया बारमाही. आरोग्य सेवक गावोगाव फिरून तापकऱ्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेई. त्या पट्ट्या लाकडी डब्यातून केंद्रात येत, आणि हमीदभाऊ त्या रंगवून एकेक तपासत. कंटाळलेला माणूस चार-दोन ठिकाणी पाहून 'निगेटिव्ह' लिहून मोकळा होतो. हमीदभाऊ पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत. जंतू सापडला की खुर्चीत मागे रेलून, प्रोफेसरच्या खर्जातल्या आवाजात म्हणत, "आओ मेरे मेहमान, तुम्हारा ही इंतजार था." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते. पुढे बाहेर बसलेले पेशंटही तो आवाज ओळखू लागले. आतून 'मेहमान' ऐकू आलं की बाकावरचा एखादा म्हणे, "घे, निघाला मलेरिया."

एकदा जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि विचारलं, हा मनुष्य ठीक आहे ना? आमच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर जुन्या पट्ट्यांचा डबा ठेवला आणि हव्या त्या काढून पुन्हा तपासा म्हणाले. साहेबांनी तासभर तपासल्या. एकही चूक निघाली नाही. जाताना त्यांनी हमीदभाऊंना विचारलं, "इतकं बारीक कसं पाहता?" हमीदभाऊ म्हणाले, "दिसेपर्यंत पाहतो, साहेब."

सिनेमाची कॅसेट त्यांनी नागपूरच्या कोणा ओळखीच्याकडून मिळवली होती. ती वर्षभर लॅबच्या कपाटात, रंगाच्या बाटल्यांशेजारी पडून होती, कारण केंद्रात टीव्ही नव्हता. मग त्या वर्षी गणपतीत गावातल्या पोरांनी आलापल्लीहून व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि जनरेटर भाड्याने आणला. पोरांच्या पौराणिक सिनेमाला संध्याकाळपर्यंत वेळ होता आणि सामान दिवसभर त्यांच्याच ताब्यात होतं. हमीदभाऊंनी कॅसेट पुढे केली. पोरांना काय, फुकटचा एक सिनेमा जास्त.

दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. त्या दिवशी नाल्याला पाणी कमी होतं, म्हणून नाल्यापलीकडच्या गावातूनही वीस-पंचवीस माणसं आली होती. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून तिथे आहेत. सगळे माडिया गोंड. आठवडी बाजार, कूपावरची म्हणजे लाकूडतोडीची मजुरी आणि आमचं केंद्र एवढ्यासाठीच ते नाला ओलांडत. माझ्या मागे लालसू बसला होता. तिशीतला, दोन मुलांचा बाप. त्याच्या शेजारी त्याची आई मासेबाई. तिने जंगलखात्याच्या कूपावर वर्षानुवर्षं मजुरी केलेली, त्यामुळे तिला मराठी चांगली येई. ती डॉक्टरांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना 'तू'च म्हणे.

सिनेमा सुरू झाला. कोट घातलेले हमीदभाऊ टीव्हीजवळ उभे राहून मध्येमध्ये समजावत होते. भिंत हलली तेव्हा ते हसले. दाढी सुटली तेव्हा हसले. बनियन दिसलं तेव्हा तर त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्या भरलेल्या खोलीत तेवढा एकच माणूस हसत होता. प्रोफेसरने पहिल्या गावकऱ्याचं बोट धरलं आणि सुई टोचली, तेव्हा खोलीतली कुजबुज थांबली ती शेवटपर्यंत. मी मागे वळून पाहिलं. लोक पडद्याकडे पाहत नव्हते, हमीदभाऊंकडे पाहत होते.

तेव्हा मला काही वाटलं नाही. तेव्हाच खटकलं होतं, असं आज मी म्हणू शकते, पण ते खरं ठरणार नाही. त्या वेळी मी घामाने हैराण होते आणि सिनेमा कधी संपतो याची वाट पाहत होते.

दसऱ्याच्या सुमारास तापाची साथ वाढली. आरोग्य सेवक नाल्यापलीकडे गेला आणि रिकामा डबा घेऊन परत आला. कोणीच बोट पुढे केलं नाही, म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बायका त्याला पाहून मुलांना घेऊन रानात गेल्या. आमच्या जवळच्या दोन-तीन पाड्यांवरही लोक का-कू करू लागले. डॉक्टर चिडले. "हे लोक सुधारणार नाहीत," वगैरे जे बोललं जातं ते बोलले. हमीदभाऊ दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "सर, हे माह्या पिक्चरनं झालं."

डॉक्टरांनी हात झटकला. "काहीतरी काय बोलता!"

"नाई सर. मी पाह्यलं ना. ते मलेच पाहून राह्यले होते."

म्हणजे त्यांनाही ते दिसलं होतं. आणि तरीही ते भिंत हलल्यावर हसले होते.

तिसऱ्या खेपेला आरोग्य सेवकाला लालसू घरातच सापडला. खाटेवर घोंगडीखाली कुडकुडत होता. हा म्हणाला, एक थेंब दे, लगेच गोळ्या सुरू करतो. लालसूने दोन्ही हातांच्या मुठी वळल्या आणि काखेत दाबून धरल्या. याने गोळ्या उशाशी ठेवल्या. त्या कोणी दिल्या नाहीत, का त्याने घेतल्या नाहीत, ते कळलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याला खाटेवर घालून आणायला निघाले, तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता. नाल्यापर्यंत आले, तिथेच तो गेला, आणि ते तिथून परत फिरले.

रक्ताची पट्टीच नव्हती. त्यामुळे नोंदीत मलेरिया लिहिता आला नाही. 'ताप' असं लिहिलं गेलं. ते मीच लिहिलं.

हमीदभाऊ त्या दिवशी लॅबमध्ये पट्ट्या धूत बसले होते. धुतलेल्या पुन्हा धूत होते. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. दुपारी जंतू सापडलेली एक पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली आणि फक्त नाव सांगितलं. तो प्रोफेसरचा आवाज आम्ही त्यानंतर कधी ऐकला नाही. बाकावरच्या पेशंटना काही दिवस कळेना, आत काय चाललंय ते.

आठवड्याने एका सकाळी ते माझ्याकडे आले. अंगात कोट नव्हता, चौकड्यांचा शर्ट होता. खांद्याला सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी.

"सिस्टर, चालता का नाल्यापलीकडं? एकट्यानं गेलो तर बाया पळतीन."

"हे यंत्र बाहेर न्यायची परवानगी आहे का?"

"नाई," ते म्हणाले.

मी गेले. वाटेत ते मी न विचारताच, तिथे काय बोलायचं ते म्हणून दाखवत होते. पिक्चर खोटा असतो. ते रक्त म्हणजे काळा रंग असतो. टाकीतला माणूस नट असतो, संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. चूक माझी आहे. मी दाखवायला नको होता. लालसूची मला माफी मागायची आहे. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. पेटी डोक्यावर धरून ते पार झाले आणि पलीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले.

मासेबाई अंगणात मोहाच्या झाडाखाली बसली होती. आम्ही आल्याचं पाहून आणखी आठ-दहा जण जमले. बायका दूर, कुडाच्या आडून. हमीदभाऊंनी पेटी खाली ठेवली आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. पिक्चर खोटा असतो इथपर्यंत आले असतील, तेवढ्यात मासेबाईने हात वर केला.

"आमाले मालूम हाय," ती म्हणाली. "पिक्चर खोटा रायते. आमी का खुळे हाव?"

मग तिने हमीदभाऊंकडे बोट केलं.

"तो मानूस खोटा. ते भूत खोटं. पन तू रगत नेतस, ते खोटं हाय का?"

"नाई, मावशी."

"माहा नवरा होता तवापासून नेऊन राह्यले. माहं नेलं, लालसूचं नेलं, त्याच्या लेकरायचं नेलं. बोट टोचते, काचेवर पुसते, डब्यात टाकते, चालले. का दिसलं त्याच्यात? कोनी आला का सांगाले? तू आलतास का?"

"गोळ्या तर देत होते ना, मावशी," हमीदभाऊ म्हणाले.

"गोळ्या देते. पन आमचं रगत कुठी जाते? का करतस तू त्याचं? ते पिक्चर पाहून आमाले हे इचारावं वाटलं. पयले इचारलं नोतं, ते आमचं चुकलं."

पाठ केलेलं सगळं आता हमीदभाऊंच्या काही कामाचं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, लोक भुताला घाबरले. भुताची भीती घालवायची त्यांची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. आणि प्रश्न बरोबर होता. जंतू सापडला तर आरोग्य सेवक गोळ्यांचा पुढचा डोस घेऊन जाई. नाही सापडला तर कोणी काही सांगायला जात नसे. सापडला तरी 'तुझ्या रक्तात हे दिसलं' असं कोणी कोणाला म्हणत नसे. माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. मी त्या केंद्रात पाच वर्षं होते.

"नाई आलो, मावशी," हमीदभाऊ म्हणाले. "एकदाबी नाई आलो. मी आतच बसून राह्यलो."

मग ते जमिनीवर बसले. पेटी उघडून सूक्ष्मदर्शक काढला, एका पाटावर ठेवला आणि त्याचा आरसा फिरवून ऊन धरलं. आपलंच बोट टोचून थेंब पट्टीवर घेतला, पसरवला, वाळू दिला, रंगवला, धुतला. जे करत होते ते शब्दात सांगत होते. ते बोलणं वाटेवरच्या भाषणासारखं नव्हतं. लॅबमध्ये ते नेहमी जसे बोलत, तसं होतं. माणसं हळूहळू पुढे सरकली. कुडाआडच्या बायकाही आल्या. पट्टी खाली सरकवून हमीदभाऊंनी नळीतून पाहिलं आणि मग बाजूला होऊन मासेबाईला म्हणाले, "पाहा. हे माहं हाय."

मासेबाईने एक डोळा मिटला. तो मिटायला तिला हात लावावा लागला. बराच वेळ पाहत राहिली.

"नेत्तुर?" तिने विचारलं. गोंडीत रक्ताला नेत्तुर म्हणतात.

"हो. नेत्तुर."

"मसुरीच्या दाळीवानी दिसते."

"तशेच दिसते ते. ताप असला का त्या दाळीत कीड दिसते."

"तुह्यात नाई."

"आज तरी नाई."

मग एकेक करून सगळ्यांनी पाहिलं. हसणंही झालं. एका म्हाताऱ्याने विचारलं, तू मुसलमान, तरी तुझं लालच कसं? यावर सगळ्यात मोठ्याने हमीदभाऊच हसले. पण कोणीही बोट पुढे केलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. निघताना त्यांनी मासेबाईसमोर हात जोडले. लालसूबद्दल काही तरी बोलायला लागले आणि त्यांना ते जमेना. मासेबाई म्हणाली, "आज तुहं पाह्यलं. पुढच्या बाजाराले ये."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. मासेबाई लालसूच्या धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी तापाने फणफणलेली. हमीदभाऊंनी तिच्या बोटाला टोचलं. ती रडली. पट्टी रंगवून त्यांनी उन्हात धरली, मग नळीला डोळा लावला. नेहमीसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायला लागले आणि मध्येच थांबले. डोकं वर न करता ते म्हणाले, "हाय, मावशी."

"मले दाखव."

तिने पाहिलं. या वेळी जास्तच वेळ पाहिलं. त्या आरशातल्या उन्हात तिला काय दिसलं असेल, मला सांगता येणार नाही. तिला डाळीतली कीड दिसली असेल किंवा नसेलही. मान वर करून ती म्हणाली, "हेच लालसूलेबी असन."

"असन," हमीदभाऊ म्हणाले. "पाहाले मी नोतो."

मुलीला मीच गोळ्या दिल्या, मासेबाईसमोर पाण्यात चुरून. दोन दिवस ती आमच्या केंद्रात होती आणि तिसऱ्या दिवशी भात मागू लागली. मुलीची पट्टी पाहिली त्याच दुपारी मासेबाईने आणि तिच्या मागोमाग अकरा जणांनी बोटं पुढे केली होती.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी हमीदभाऊ पेटी घेऊन पलीकडे जात. आदल्या आठवड्यातल्या पट्ट्यांचा निकाल ते माणसासमोर बसून तोंडाने सांगत. नाव घेऊन, एकेकाला. "तुह्यात नाई दिसलं. मी पूर्ण पाह्यलं. ताप दुसरा काई असन, सिस्टरले दाखव." ज्यांना पाहायचं असे त्यांना दाखवत. हळूहळू पाहणारे कमी झाले, पण निकाल ऐकायला मात्र सगळे बसत. कोट त्यांनी लॅबमध्ये पुन्हा घातला. नाला ओलांडताना कधीच घातला नाही.

सरकारी यंत्र बाहेर नेल्याबद्दल त्यांना लेखी विचारणा झाली. उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आणलं. त्यात एवढंच होतं, "सूक्ष्मदर्शक सरकारी आहे हे मला मान्य आहे. रक्त सरकारी नाही. ज्याचं आहे त्याला ते दाखवण्यासाठी मी यंत्र नेतो. यंत्राला काही झाल्यास भरून देईन." मी म्हटलं, मधली दोन वाक्यं काढा, कशाला वाद. ते म्हणाले, "काढलं तर मंग राह्यलं काय?" डॉक्टरांनी तो कागद वाचला, फाइलला लावला, आणि पुढच्या बाजाराला केंद्राची जीप नाल्यापर्यंत सोडायला दिली. त्यांच्याबद्दल मी आधी लिहिलं त्यापेक्षा हे मला जास्त आठवतं.

एकदा मी हमीदभाऊंना विचारलं, तो सिनेमा पुन्हा पाहावासा वाटतो का? ते पट्टी पुसत होते. म्हणाले, "वाटते, सिस्टर. काऊन नाई वाटनार? लहानपनचं हाय ते." मग म्हणाले, "पन आता पाह्यला तर मी गाववाल्यायकडं पाहीन. टाकीकडं नाई. इतक्या येळा पाह्यला, पन त्यायचे चेहरे मले एकबी याद नाई."

चार वर्षांनी त्यांची बदली झाली. पुढे माझीही झाली. मी चंद्रपुरात स्थायिक झाले. अधूनमधून कोणाकडून त्यांची खबर कळे, रिटायर झाले, बल्लारपूरला असतात.

शेवटचे दिसले ते गडचांदूरच्या बसस्टँडवर, दोन वर्षांपूर्वी. मी भाचीकडे निघाले होते. सिमेंट कारखान्यांची पांढुरकी धूळ बाकांवर बसलेली, आणि त्यातल्या एका बाकावर, आधी रुमाल अंथरून, हमीदभाऊ बसलेले. शेजारी भाभी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. माझा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं. मुलीकडे आले होते, परत निघाले होते.

मी त्यांना नाल्यापलीकडची, माझ्या कानावर आलेली हकीकत सांगितली. पूल झाला. मासेबाई गेली, म्हातारी होऊन गेली. आणि ज्या मुलीची पट्टी आपण मोहाच्या झाडाखाली पाहिली ती आता तिथली आशा वर्कर आहे. आता काचपट्टीची वाट पाहावी लागत नाही. हातात मावणारी किट असते, थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते.

"तिथीच? घरातच?"

"घरातच. त्यांच्या समोर."

"आन सांगते कोन?"

"तीच सांगते. गोंडीत."

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. ऑपरेशननंतर डोळ्यांना पाणी येतं, असं भाभी मला म्हणाल्या. तेवढ्यात बल्लारपूरची गाडी लागली आणि गर्दी उठली. भाभींनी एका हातात पिशव्या घेतल्या, दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. "पायरी ऊंची है, संभालके," त्या म्हणत होत्या आणि ते, "दिखती है मुझे, दिखती है," म्हणत पायरी चाचपत होते. खिडकीजवळची जागा मिळाली की नाही ते मला धुळीत दिसलं नाही. मी गाडी सुटेपर्यंत हात हलवत उभी होते.